कोर्टात दाखवायचे नकाशे, चार्ट आणि अ‍ॅनिमेशन: कोणाकडून आणि कसं करून घ्यायचं

केस जमिनीची असो, अपघाताची असो नाहीतर भागीदारीच्या हिशोबाची, एका टप्प्यावर वकीलसाहेब म्हणतात की हे नुसतं बोलून कोर्टाला कळायचं नाही, काहीतरी नकाशा-चार्ट करून घ्या. मग पक्षकार भाच्याला फोन करतो, तो कुठेतरी ग्राफिक्सचं काम करत असतो, आणि दोन दिवसांत एक चकचकीत पीपीटी येते, आपली जमीन हिरवी, समोरच्याची लालभडक, वर मोठा बाण आणि "बेकायदेशीर अतिक्रमण!!" असं लिहिलेलं. ती बहुतेक वेळा कोर्टात उघडलीच जात नाही, आणि उघडली तर समोरचा वकील उठून एवढंच विचारतो की हे कोणी काढलं आणि कशावरून काढलं, आणि भाचा काही साक्षीला यायला तयार नसतो.

मी वकिलांना असे नकाशे, तक्ते, टाइमलाइन करून देतो म्हणून हे लिहितोय. चांगलं काम करणारी माणसं आपल्याकडे आहेत, पण त्यांच्याकडून काम कसं घ्यायचं हे ठाऊक नसतं म्हणून पैसे जातात. खालचं सगळं महाराष्ट्रातल्या कोर्टांना धरून आहे, आणि यातलं काहीही वकिलाला विचारल्याशिवाय करू नका, कारण कोर्टात काय द्यायचं आणि कधी द्यायचं हे शेवटी त्यांनीच ठरवायचं असतं.

पुरावा की युक्तिवाद, हे आधी ठरवा

कोणाला काम द्यायचं, किती पैसे लागतील, किती दिवस लागतील, सगळं या एका प्रश्नावर अवलंबून आहे आणि नेमका हाच कोणी विचारत नाही.

समजा रेकॉर्डवर आधीच दहा फेरफार, तीन खरेदीखतं आणि दोन वाटणीपत्रं आलेली आहेत, त्यांना निशाणी क्रमांक (पुराव्यातल्या कागदाला कोर्ट देतं तो नंबर) पडलेत, आणि तुम्ही ती सगळी तारखेनुसार एका कागदावर ओळीने मांडली, प्रत्येकापुढे निशाणी नंबर आणि पान नंबर टाकला. यात नवीन काहीच नाही, जे आहे तेच नीट लावलंय, म्हणून हा युक्तिवादाचा भाग झाला. वकील तो लेखी युक्तिवादासोबत देऊ शकतात, समोरच्याला प्रत दिली की झालं. हे काम एखादा हुशार ज्युनियर आणि एक बरा डीटीपीवाला मिळून करू शकतात.

पण ड्रोन उडवून काढलेला नकाशा, अपघात कसा झाला त्याचं अ‍ॅनिमेशन, सीसीटीव्हीतली गाडी मोठी करून दाखवलेली फ्रेम, यात कोर्टासमोर आधी नसलेली माहिती येते. हा पुरावा. त्याला साक्षीदार लागतो, त्याचा सरतपास होतो (आपल्या वकिलाचे प्रश्न), उलटतपास होतो (समोरच्या वकिलाचे) आणि मग त्याला निशाणी पडते. इथे तुम्ही चित्रासोबत माणूस पण ठरवताय हे ध्यानात ठेवा, जो पिंजऱ्यात उभा राहून सांगेल की हे मी केलं, अशा पद्धतीने केलं, आणि ही त्याची मोजमापं.

दोन्हींची सरमिसळ केली की काय होतं ते सुप्रीम कोर्टात सगळ्यांनी पाहिलंय. अयोध्या खटल्यात सुनावणीच्या शेवटच्या दिवशी, १६ ऑक्टोबर २०१९ ला, हिंदू महासभेचे वकील विकास सिंह यांनी एका पुस्तकातला नकाशा पुढे केला, मुस्लिम पक्षाचे राजीव धवन यांनी हरकत घेतली की हे रेकॉर्डवर नाहीच, आणि भर कोर्टात तो कागद फाडला. आपल्या तालुका कोर्टात कोणी फाडणार नाही, पण हरकत मात्र शंभर टक्के तीच येणार.

अजून एक. यूट्यूबवर अमेरिकन कोर्टातली थ्रीडी अ‍ॅनिमेशनं बघून पक्षकार तसंच पाहिजे म्हणतात. तिकडे समोर ज्युरी असते, बारा सामान्य माणसं, त्यांना दोन तासांत समजवायचं असतं, त्यामुळे तो मोठा धंदा झालाय. आणि तिथे पण नियम कडक आहेतच, १ डिसेंबर २०२४ पासून त्यांच्या फेडरल कोर्टांच्या पुराव्याच्या नियमांत १०७ नंबरचा नवीन नियम आलाय, त्यात समजावण्यासाठी दाखवलेलं चित्र हे पुरावा नाही असं स्पष्ट म्हटलंय आणि एरवी ते ज्युरीच्या खोलीत जात नाही. आपल्याकडे ऐकणारे एकटे जजसाहेब, ते कायदा शिकलेले, आणि निकाल लिहायला बसतात तेव्हा तुमचं अ‍ॅनिमेशन समोर चालू नसतं, समोर फाईल असते. म्हणून फाईलमध्ये राहील असा कागद हा आपल्याकडे खरा हिरो. तीस सेकंदांच्या व्हिडिओपेक्षा ए३ साइजचा एक नीट नकाशा जास्त काम करतो, हे माझं मत, आणि माझं नुकसान करून घेऊन सांगतोय, कारण पैसे व्हिडिओचे जास्त मिळतात.

जमिनीचा वाद असेल तर

महाराष्ट्रात सगळ्यात जास्त गरज इथेच पडते म्हणून जरा सविस्तर.

दाव्यात मिळकतीचं वर्णन ओळखता येईल असं पाहिजे हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ७ रूल ३ मध्ये आहेच, पण मुंबई हायकोर्टाने त्यात आपल्यासाठी भर घातलीय की अतिक्रमणाचा दावा असेल तर अतिक्रमण कुठे आणि किती आहे ते शक्य तितकं दाखवणारं स्केच दाव्यासोबतच द्यायचं. म्हणजे इथे चित्र ही हौस नाही, सुरुवातीलाच द्यायची गोष्ट आहे, आणि तरी कितीतरी दाव्यांना वहीच्या पानावर काढलेला चौकोन लावलेला असतो ज्यात उत्तर दिशा पण नसते. हे पहिलं स्केच सिव्हिल ड्राफ्ट्समनकडून किंवा आर्किटेक्टच्या ऑफिसातून काढून घ्या. काम छोटं असतं, खर्च कमी असतो, आणि पुढची कित्येक वर्षं केस त्या कागदावर चालते.

मग मोजणी. खाजगी सर्व्हेअर कितीही भारी मशीन घेऊन आला तरी हद्दीच्या वादात कोर्ट आधी भूमी अभिलेखची मोजणी बघतं. सरकारने केलेले नकाशे बरोबर आहेत असं कोर्ट गृहीत धरतं, पण खटल्यासाठी म्हणून मुद्दाम केलेला नकाशा अचूक आहे हे सिद्ध करावं लागतं, हे जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ८३ मध्ये होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात पण तसंच आहे. म्हणून क्रम असा ठेवा की आधी भूमी अभिलेखकडून हद्द कायम मोजणी (हद्दीच्या खुणा ठरवून देणारी) करून 'क' प्रत, म्हणजे त्या मोजणीचा नकाशा, घ्या, नाहीतर वकिलांमार्फत दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २६ रूल ९ खाली कोर्ट कमिशनर (जागेवर जाऊन कोर्टाला अहवाल देणारा माणूस) नेमायचा अर्ज द्या, आणि त्या मोजणीचा नकाशा कोर्टाला वाचता यावा यासाठी प्रोफेशनल माणसाची मदत घ्या. गटबुक नकाशा, टिपण (जुन्या मोजणीची नोंद), फाळणी (पोटहिश्शांच्या मोजणीची नोंद), मोजणी नकाशा, या चारही कागदांचं प्रमाण सारखं नसतं, ते एका प्रमाणात आणून एकावर एक बसवून दाखवणं हे कसबाचं काम आहे आणि पैसे तिथे द्या.

प्रमाणाचं सांगायचं तर हे गणित कोणीच करत नाही. १:५००० च्या नकाशावर पेनाची एक मिलिमीटर जाड रेघ म्हणजे जमिनीवर पाच मीटर. तुमचं भांडण चार फुटांच्या पट्ट्याचं असेल तर ते आख्खं भांडण त्या रेघेच्या जाडीत मावतं, उरतं पण. त्याच वादासाठी १:२०० किंवा १:५०० चा वेगळा डिटेल नकाशा लागतो, आणि करून देणाऱ्याने हे स्वतःहून सांगितलं नाही तर त्याला हे काम येत नाही असं समजा.

महाभूनकाशाच्या (ऑनलाइन सरकारी जमीन नकाशांच्या) साइटवरचा प्रिंटआउट माहितीसाठी ठीक, तो मोजणीच्या जागी चालत नाही. गूगल अर्थच्या जुन्या प्रतिमा फार उपयोगी असतात, अमुक साली तिथे विहीर होती की नाही, शेड होती की नाही हे दिसतं, पण प्रतिमा जमिनीवर काही मीटर सरकलेली असू शकते, त्यामुळे त्यावरून हद्द काढू नका, फक्त "होतं की नव्हतं" एवढ्यालाच वापरा. जास्त अधिकृत काही हवं असेल तर नागपूरला महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे आणि हैदराबादला राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र आहे, तिकडे चौकशी करा. ड्रोनवाला घेणार असाल तर ड्रोन नियम २०२१ प्रमाणे धंद्यासाठी उडवणाऱ्याकडे रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं, २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला तेवढी सूट आहे. लग्नाचं शूटिंग करणारा पोरगा ड्रोन घेऊन येईल, फोटो पण झकास काढेल, पण उलटतपासात पहिला प्रश्न लायसन्सचा आणि दुसरा एरिया रिस्ट्रिक्टेड होता का याचा, आणि मग नकाशाबद्दल कोणी बोलतच नाही.

अपघात आणि अ‍ॅनिमेशन

मोटार अपघात क्लेममध्ये बहुतेक वेळा अ‍ॅनिमेशनची गरज नसते. घटनास्थळ पंचनामा, पोलिसांचा कच्चा नकाशा, आरटीओचा गाडी तपासणी अहवाल आणि जागेचे फोटो यावरून एक मोजमापी साइट प्लॅन केला की काम होतं. मोठी रक्कम असेल, चूक कोणाची यावरच सगळं अडलं असेल, तरच पुढे जा, आणि मग डिझायनरच्या आधी अपघाताचं शास्त्र कळणारा इंजिनिअर शोधा. डिझायनरने त्याच्या हाताखाली काम करायचं, उलटं नाही.

का, तर हे बघा. गाडी ब्रेक लावून २० मीटर घसरली आणि थांबली. वेग किती होता? रस्त्याचं घर्षण ०.७ धरलं, म्हणजे कोरडा चांगला डांबरी रस्ता, तर वेग ताशी साधारण ६० किलोमीटर येतो. ओला रस्ता म्हणून ०.४ धरलं तर ४५ येतो. पंचनाम्यात रस्ता ओला होता की कोरडा हे लिहिलेलंच नसेल तर अ‍ॅनिमेशनवाल्याने आपल्या मनाने एक आकडा टाकलेला असतो आणि स्क्रीनवर गाडी अगदी खात्रीने धावताना दिसते. समोरच्या वकिलाने तेवढा एक आकडा पकडला की सगळं कोसळतं. म्हणून अ‍ॅनिमेशन करून घेताना सोबत गृहीतकांचं पान लिहून घ्या, कुठला आकडा कुठल्या कागदावरून घेतला, आणि जो कुठूनच घेतला नाही तो का धरला. आणि शक्य असेल तर दोन्ही आकड्यांचं दाखवा. ओला धरला तरी चूक समोरच्याचीच दिसत असेल तर केस जास्त मजबूत होते.

फौजदारी केसमधल्या नकाशात अजून एक खड्डा आहे. तपास अधिकाऱ्याने स्वतः जे पाहिलं आणि मोजलं ते नकाशात चालतं, पण "इथे आरोपी उभा होता" ही खूण साक्षीदाराने पोलिसांना सांगितल्यावरून केली असेल तर ती पोलिसांपुढच्या जबाबासारखी धरली जाते आणि पुरावा म्हणून चालत नाही. सुप्रीम कोर्टाने तोरी सिंग केसमध्ये फार पूर्वीच हे सांगितलंय. तुमचा ड्राफ्ट्समन पोलिसांच्या नकाशावरून नवीन छान नकाशा करताना त्या खुणा पण प्रेमाने उचलतो. वकिलांनी आधीच लाल पेनने सांगायचं, कुठल्या खुणा घ्यायच्या आणि कुठल्या नाही.

व्हिडिओ आणि सीसीटीव्ही

इथे पहिलं काम प्रोफेशनलचं नाहीच, तुमचं आहे, ते म्हणजे रेकॉर्डिंग वाचवणं. बऱ्याच डीव्हीआरमध्ये (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्रात) काही दिवसांनी जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं. सोसायटीचा किंवा दुकानाचा कॅमेरा असेल तर लगेच लेखी पत्र देऊन जपून ठेवायला सांगा, पोच घ्या.

मग सर्टिफिकेट, म्हणजे ही कॉपी कुठल्या यंत्रातून आणि कशी काढली हे सांगणारा सही केलेला दाखला. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून झालेली अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल ही केस आपल्याकडचीच आहे. उमेदवारी अर्ज वेळेत दिला का हे निवडणूक अधिकाऱ्यांच्या ऑफिसातल्या व्हिडिओवरून दाखवायचं होतं आणि त्याचं सर्टिफिकेट मागून मागून मिळेना. सुप्रीम कोर्टाने १४ जुलै २०२० ला सांगितलं की कॉपी दाखल करायची तर सर्टिफिकेट लागतंच, मूळ फोन किंवा लॅपटॉप घेऊन त्याचा मालक स्वतः पिंजऱ्यात आला तर गोष्ट वेगळी, आणि ज्याच्याकडे यंत्र आहे तो सर्टिफिकेट देत नसेल तर कोर्टाकडे अर्ज करून मागता येतं. तेव्हा यासाठी जुन्या पुरावा कायद्याचं कलम ६५-ब होतं, आता साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे, आणि फॉर्मचे दोन भाग झालेत, भाग अ रेकॉर्ड देणाऱ्याने भरायचा आणि भाग ब तज्ज्ञाने, दोन्हीत फाईलची हॅश व्हॅल्यू लिहायची. हॅश म्हणजे फाईलचा अंगठ्याचा ठसा, एक फ्रेम बदलली तरी तो बदलतो.

त्यामुळे व्हिडिओवाल्याला काम देताना एक अट घाला की मूळ फाईलला हात लावायचा नाही, आधी तिची हॅश काढायची, मग कॉपीवर काम करायचं, आणि काय काय केलं, ब्राइटनेस वाढवला, क्रॉप केलं, स्लो केलं, ते क्रमाने लिहून ठेवायचं. वॉट्सअ‍ॅपवरून फाईल पाठवू नका, ते कॉम्प्रेस होतं आणि हॅश जुळत नाही. आणि एआयने चेहरा किंवा नंबर प्लेट "क्लिअर" करून देतो म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. ती सॉफ्टवेअरं नसलेले पिक्सेल अंदाजाने भरतात. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात किंग काउंटीच्या कोर्टाने एका खुनाच्या केसमध्ये असा एआयने सुधारलेला मोबाइल व्हिडिओ घ्यायला नकार दिला. आपल्याकडे कोणी लगेच पकडणार नाही या भरवशावर राहू नका, कारण भाग ब भरणाऱ्या तज्ज्ञालाच उलटतपासाला उभं राहायचंय.

वंशावळ, हिशोब आणि बाकीचं

वाटणीच्या दाव्यात वंशावळ असतेच, पण ती बऱ्याचदा टाइपरायटरच्या काळातल्या ठिपक्यांची असते. प्रत्येक नावाखाली मृत्यूची तारीख, मुलीचं नाव सुटलं नाही ना, कोणाचा हिस्सा कोणाकडे गेला आणि अपूर्णांक किती, एवढं एका पानावर आलं की निम्मा युक्तिवाद होतो. मुलींना मुलांइतकाच हक्क देणाऱ्या हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर आणि सुप्रीम कोर्टाच्या विनीता शर्मा निकालानंतर, तो ११ ऑगस्ट २०२० चा, मुलींचे हिस्से धरून तक्ता परत करावा लागतो, जुना तसाच जोडू नका. यासाठी बाहेरचा माणूस नको, ऑफिसमध्येच होतं, फक्त शेवटी सगळ्या हिश्शांची बेरीज एक येते का ते बघा. हसू नका, येत नाही कधीकधी.

हिशोबाच्या केसमध्ये सीएने आकडे काढायचे आणि डिझायनरने ते मांडायचे, दोघांची अदलाबदल नको. डॉक्टरी हलगर्जीपणाच्या केसमध्ये चित्रं लागली तर त्या विषयाच्या डॉक्टरने तपासून सही केल्याशिवाय वापरू नका, नेटवरून उचललेलं शरीराचं चित्र तुमच्या पेशंटचं नसतं.

माणूस कसा निवडायचा

असा बोर्ड लावून बसलेली दुकानं आपल्याकडे फार नाहीत. मुंबई-पुण्यात मोठ्या लवादांत आणि कमर्शियल केसेसमध्ये काम करणारे काही लोक आहेत, जिल्ह्याच्या ठिकाणी मात्र कोर्टाच्या आवारातच विचारायचं. सिनियर वकिलांचे क्लार्क, कोर्ट कमिशनर म्हणून जाणारे वकील, भूमी अभिलेखमधून रिटायर झालेले मोजणीदार, सरकारमान्य व्हॅल्युअर, यांना माहीत असतं कोणाचे नकाशे टिकतात. रिटायर मोजणीदार हे सोनं आहे, जुनं टिपण वाचणारी माणसं कमी होत चाललीत.

भेटलात की दिसायला किती सुंदर आहे ते सोडा आणि विचारा की तुम्ही आधी कधी साक्ष दिलीय का, आणि माझ्या केसमध्ये द्याल का, तारीख पडत राहिली तरी याल का. मग जुनं एखादं काम बघायला मागा आणि त्यातल्या कुठल्याही एका रेघेवर बोट ठेवून विचारा की ही कुठून आली. चांगला माणूस लगेच सांगतो किंवा वही उघडतो. जुनं काम दाखवताना त्याने पक्षकारांची नावं झाकली नसतील तर उठून या, उद्या तुमची फाईल पण तो असाच कोणाला दाखवणार.

पैशाचं लेखी ठरवा. काम करायचे वेगळे, बदल करायचे वेगळे (किती वेळा बदल फुकट ते लिहा), साक्षीला यायचे दर तारखेला वेगळे. केस जिंकली तर एवढे टक्के असं कधीच नको. तज्ज्ञाचा निकालात पैसा अडकलाय हे बाहेर आलं की त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही. एडिटेबल फाईल तुम्हाला मिळणार हे पण आधीच लिहून घ्या, नुसती पीडीएफ नको, नाहीतर एक नाव बदलायला पण परत त्याच्याच दारात.

गुप्ततेचा करार वकिलांनी करून घ्यावा आणि शक्यतो त्या माणसाला वकिलांनीच नेमावं, पक्षकाराने परस्पर नाही. लैंगिक अत्याचाराच्या किंवा लहान मुलांच्या केसमध्ये पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, तिथे बाहेरच्या माणसाला नाव, फोटो, पत्ता काहीच देऊ नका, खुणेची अक्षरं द्या.

काम देताना आणि तपासताना

मूळ कागद कधीच देऊ नका, पान नंबर घातलेला झेरॉक्स सेट द्या. सोबत वकिलांनी एका पानावर लिहून द्यायचं की या चित्रातून कोर्टाला कुठला एक प्रश्न सुटलेला दिसला पाहिजे. "सगळी केस दाखवा" असं सांगितलं की सगळी केस येते आणि काही दिसत नाही. चार प्रश्न असतील तर चार पानं करा.

कच्चं काम आलं की ते आधी काळंपांढरं झेरॉक्स करून बघा. अपिलात, नकलेत, समोरच्याच्या प्रतीत ते तसंच जाणार आहे, आणि लाल-हिरवा दोन्ही सारखेच राखाडी येतात. रंगासोबत रेघांची तऱ्हा वेगळी ठेवायला सांगा, एक सलग, एक तुटक, एक ठिपक्यांची. उत्तर दिशा, प्रमाण, तारीख, करणाऱ्याची सही आहे का बघा. प्रत्येक माहितीखाली निशाणी नंबर आहे का बघा, आणि नसेल तर ती माहिती काढून टाका, कितीही आवडली तरी.

भाषा. जिल्हा आणि तालुका कोर्टात कागद मराठी असतात तर तक्ता पण मराठीच करा, आणि कागदात "पोटहिस्सा" आहे तर तक्त्यात "सब-प्लॉट" करू नका, शब्द जसाच्या तसा. हायकोर्टात जाणार असेल तर इंग्रजीची वेगळी प्रत. आणि फॉन्टची कटकट लक्षात ठेवा, डीटीपीवाले अजून जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये काम करतात, दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलं की सगळं गिचमिड, म्हणून पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड केलेत का हे दुसऱ्याच्या मशीनवर उघडून तपासा.

विशेषणं काढा. "बेकायदेशीर", "बळकावलेला", "खोटा" हे शब्द नकाशावर शोभत नाहीत, ते ठरवायला कोर्ट बसलंय. "वादीच्या कथनानुसार अतिक्रमित क्षेत्र" असं लिहा. एवढं झालं की केसशी संबंध नसलेल्या एखाद्या वकील मित्राला पाच मिनिटं दाखवा आणि त्याला सांगा तू समोरच्याचा वकील, फोड हे. तो जिथे पहिलं बोट ठेवेल तिथे दुरुस्ती.

दाखल करताना आणि त्या दिवशी

पुरावा असेल तर उशीर करू नका. दाव्यासोबत न दिलेला कागद नंतर द्यायला कोर्टाची परवानगी लागते, आणि कमर्शियल केसमध्ये ती सहजी मिळत नाही. दस्तऐवज यादीसोबत द्या, समोरच्याला तशीच रंगीत प्रत द्या, त्याला झेरॉक्स आणि आपल्याला रंगीत असं केलं की हरकत ओढवून घेतलीच.

स्क्रीनवर दाखवायचं असेल तर आधी अर्ज, आणि दोन दिवस आधी कोर्टात जाऊन प्लग कुठे आहे, स्क्रीन आहे का, साहेबांच्या खुर्चीवरून दिसतं का ते बघा. लवादात किंवा एनसीएलटीत (कंपन्यांच्या केसेसच्या न्यायाधिकरणात), व्हिडिओ कॉन्फरन्सवर हे सोपं जातं, तालुक्याला कठीण. कुठेही असो, ए३ प्रिंटचे सेट सोबत ठेवाच, एक कोर्टाला, एक साक्षीदाराच्या हातात, एक-एक प्रत्येक विरुद्ध पक्षाला, एक आपल्याला. साक्षीदार बोलता बोलता नकाशावर बोट ठेवून "इथून इथे" म्हणतो, आणि कागदावर उतरतं फक्त "इथून इथे". वकिलांनी लगेच म्हणायचं, नकाशात 'अ' अक्षराने दाखवलेल्या जागेपासून 'ब' पर्यंत, आणि तसंच टाइप होतंय ना ते बघायचं. ही अक्षरं नकाशावर आधीच घालून ठेवायला करणाऱ्याला सांगा.

निकाल लागला की फायली डिलीट करायला सांगू नका. साध्या दिवाणी दाव्यात जिल्हा कोर्टात अपिलाला ३० दिवस आणि हायकोर्टात ९० दिवस असतात, उशीर माफ होऊन त्यानंतर पण अपील येतं, आणि तेव्हा तोच नकाशा, तीच मूळ फाईल, तीच हॅश लागते. एक सेट वकिलांकडे, एक तुमच्याकडे, दोन वेगळ्या हार्डडिस्कवर, आणि वर केस नंबर लिहून ठेवा.